न वाजणाऱ्या टाळ्या



आज आधी एक खेळ खेळू, मग गोष्ट. आरशासमोर उभे राहा आणि आवाज मुळीच न काढता, नुसते ओठ हलवून तीन शब्द म्हणा : पारा, बारा, मारा. आता हेच शब्द ताईसमोर किंवा दादासमोर म्हणा आणि कोणता शब्द कधी म्हटलात ते ओळखायला सांगा. फजिती होते की नाही? होणारच! प, ब आणि म म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. वेगळा असतो तो फक्त आवाज.

आता विचार करा. एखाद्या मुलीला ऐकूच येत नसेल आणि ती बाईंच्या ओठांकडे बघून वर्गात काय चाललंय ते समजून घेत असेल, तर? बाई म्हणणार "बारा", आणि तिला वाटणार "मारा"! हसू आलं ना? मलाही आलं असतं. पण अशी एक मुलगी माझ्याच वर्गात होती आणि मला ते चार महिने कळलं नाही.

तिचं खरं नाव सांगत नाही. आपण तिला चिऊ म्हणू. केळशीच्या आमच्या शाळेत ती पहिलीत आली. घर अगदी किनाऱ्याजवळ. रात्री गाव निजलं की समुद्राची गाज आमच्या उशापर्यंत येते, मग तिच्या घरात तर किती घुमत असेल! चिऊ दिसायला चुणचुणीत, पण हाक मारली की ओ द्यायची नाही. कविता म्हणायला सांगितली की नुसते ओठ हलवायची. पाटीवर लिहायला सांगितलं की शेजारणीच्या पाटीत बघायची. मला वाटायचं, पोर हट्टी आहे. मी तिला रागवायचे, "दुसरीचं बघून लिहू नकोस!" ते रागावणंसुद्धा तिला ऐकू जात नव्हतं. मग मी तिला मागच्या ओळीत बसवलं. म्हणजे माझे ओठ जे थोडेफार दिसत होते, तेही दिसेनासे झाले.

मुलांनो, शिक्षकही चुकतात बरं का. ही माझी चूक अजून मला टोचते.

पावसाळ्यातला एक दिवस. आमच्या शाळेत विशेष शिक्षिका आल्या. ज्या मुलांना ऐकायला, बघायला, चालायला किंवा शिकायला वेगळी मदत लागते, त्यांच्यासाठी त्या शाळाशाळांतून फिरतात. छत्री कोपऱ्यात ठेवून त्या शांतपणे वर्गाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कुणाला न सांगता त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्यावर चमच्याने ठण् ठण् वाजवलं. सगळा वर्ग गर्रकन मागे वळला. चिऊ मात्र फळ्याकडे बघत बसली होती.

त्या मला एक शब्दही लागेल असं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, हिच्या कानांची तपासणी करून घेऊ या."

तिथून पुढची धावपळ खूप माणसांची आहे. चिऊच्या आईला आधी पटेना. "ती लाजते हो, म्हणून बोलत नाय," असं ती म्हणायची. अंगणवाडीच्या ताई तीनदा तिच्या घरी गेल्या, तेव्हा कुठे ती तयार झाली. तपासणी रत्नागिरीला. केळशीहून दापोली आणि दापोलीहून पुढे रत्नागिरी, असा एसटीचा लांबचा पल्ला. आईला एकटीला जमेना, म्हणून ताई बरोबर गेल्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्याचे कुणी त्यांना पैसे दिले नाहीत. तपासणाऱ्या श्रवणतज्ज्ञांनी चिऊच्या कानांवर हेडफोन लावून वेगवेगळे आवाज ऐकवले आणि तिला कोणता आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो, त्याचा आलेख काढला. मग तिच्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला. श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग त्या मापाने करावा लागतो. तुमचे बूट जसे दरवर्षी लहान होतात ना, तसे लहान मुलांच्या कानांचे हे साचेही लहान होतात आणि पुन्हा पुन्हा नवे करावे लागतात.

तुम्हाला वाटेल, यंत्र लावलं की झालं! मलाही तसंच वाटलं होतं. पण यंत्र फक्त आवाज मोठा करतं. पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा आवाज आणि बाईंचं बोलणं, सगळंच मोठं. त्यातून शब्द वेगळा काढायला शिकावं लागतं. तुम्ही-आम्ही हे पाळण्यात असताना शिकलो. चिऊला ते सातव्या वर्षी शिकायचं होतं. म्हणून ती दापोलीला आत्याकडे राहायला गेली आणि तिथल्या कर्णबधिर विद्यालयात जाऊ लागली. 'स्नेहदीप' या संस्थेची ही शाळा, इंदिराबाई वामन बडे यांच्या नावाची.

तिथे मुलांना कसं शिकवतात ते मी दोन दिवस बसून पाहिलं. तुम्हीही करून बघा. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा. 'प' म्हणा, पट्टी जराशी हलेल. 'फ' म्हणा, ती जोरात उडेल. आता बोटं गळ्यावर ठेवून 'ब' म्हणा, आत गुणगुण जाणवेल. मग बोट नाकाच्या बाजूला टेकवून ओठ मिटूनच 'म्‌म्‌' म्हणा. नाक थरथरलं ना? जे अक्षर कानाला नीट कळत नाही, ते असं डोळ्यांना आणि बोटांना दाखवायचं. बाई मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवतात, मग त्याच्याच गळ्यावर ठेवतात, पुन्हा आपल्या. आरसा समोर. एकच अक्षर, शंभरदा. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर पुन्हा शंभरदा. मी एका तासात सबंध कविता शिकवते. त्या बाईंचा अख्खा तास एका 'म'मध्ये गेला आणि तास संपताना मुलाचा 'म' थोडासा 'ब'सारखाच येत होता. बाई मात्र हसून म्हणाल्या, "कालच्यापेक्षा बरा आहे!"

जोडीला हातांच्या खुणांची भाषा असतेच. ती म्हणजे नुसते हातवारे नव्हेत हं! तिला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली तिचा तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ साली तो दहा हजार शब्दांपर्यंत नेला.

तुम्ही हेलन केलरची गोष्ट वाचली असेल. ऐकू येत नाही, दिसत नाही, अशी ती मुलगी पुढे मोठी लेखिका झाली आणि १९५५ साली भारतातही येऊन गेली. तिच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी तिच्या घरी आल्या, तेव्हा हेलन सहा वर्षांची होती. ॲनबाईंची स्वतःची नजर अधू होती. तरी १९३६ साली त्या वारल्या तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४९ वर्षं, त्यांनी हेलनची साथ सोडली नाही. हेलनच्या हातावर बोटांनी एकेक अक्षर काढणारी ही बाई नसती, तर हेलनचं नाव आपल्यापर्यंत आलंच नसतं.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९२ साली ठरवला. एका वर्षी त्या आठवड्यात मी माझ्या वर्गाला घेऊन दापोलीला गेले. मुलांनी घरून ओल्या नारळाच्या वड्या करून आणल्या होत्या. त्या शाळेतल्या माणसांचे आभार मानायचे, असं आमचं ठरलं होतं. मी यादी केली होती : मुख्याध्यापक, शिक्षक, वाचा शिकवणाऱ्या ताई. एकेक नाव घेतलं, आमच्या मुलांनी फुलं दिली आणि कडाडून टाळ्या वाजवल्या. समोरच्या मुलांनी मात्र टाळ्या वाजवल्याच नाहीत. त्यांनी दोन्ही हात उंच केले आणि पंजे भराभरा फिरवले. सगळ्या खोलीत जणू पिंपळाची पानं सळसळली, पण आवाज नाही. आमचा एक दोस्त मला हळूच म्हणाला, "बाई, हे टाटा का करतायत?" मग तिथल्या बाईंनी सांगितलं, या त्यांच्या टाळ्या. वाजलेली टाळी ज्याला ऐकू येत नाही, त्याला दिसणारी टाळी द्यायची!

यादी संपली. मी वही मिटली. तेवढ्यात चिऊ उठली आणि दाराकडे गेली. तिथे शाळेच्या मदतनीस मावशी पदराला हात पुसत कार्यक्रम बघत उभ्या होत्या. चिऊने त्यांचा हात धरला आणि ओढत ओढत त्यांना फुलं घेतलेल्यांच्या रांगेत आणून उभं केलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू म्हणत होती, "यांचं राहिलं!"

मावशी संकोचल्या. "अगं, मी काय केलंय?" म्हणाल्या. काय केलंय ते मला नंतर समजलं. मुलं सकाळी आली की मावशी प्रत्येकाच्या यंत्राचा सेल चालू आहे ना ते बघतात. आपल्या कोकणातली दमट हवा म्हणजे या यंत्रांची शत्रूच! घामाचा किंवा पावसाचा थेंब आत गेला की यंत्र मुकं होतं. म्हणून यंत्र पुसायचं, ओल शोषणाऱ्या डबीत ठेवायचं, हे मावशींनी प्रत्येक मुलाला हात धरून शिकवलं. त्यांनी सकाळी सेल बघितला नाही, तर दिवसभराची शंभरदा म्हटलेली अक्षरं वाया! आणि माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. जी मुलगी माझ्या वर्गात मला दिसली नाही, तिने मला न दिसलेलं माणूस दाखवलं.

फुलं संपली होती. मग आमच्या मुलांनीच काय ते केलं. सगळ्यांनी हात वर केले आणि पंजे फिरवले. या वेळी दोन्ही शाळांच्या टाळ्या सारख्या होत्या.

निघताना मी तिथल्या बाईंना विचारलं, "तुमच्यासाठी आम्ही आणखी काय करू?" त्या म्हणाल्या, "आमचं थोडं काम तुम्ही करा." त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी बोलताना त्याच्याकडे तोंड करा. ओठांवर हात किंवा वही धरू नका. ओरडू नका, सावकाश आणि स्पष्ट बोला. आणि तो हसण्यात सामील झाला नाही, तर "काही नाही रे" असं म्हणून सोडून न देता विनोद पुन्हा सांगा. शेवटची गोष्ट ऐकून आमची मुलं गप्पच झाली.

पालकांसाठी दोन शब्द : बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, मूल बोलायला उशीर करत असेल, हाकेला ओ देत नसेल, टीव्हीजवळ जाऊन आवाज वाढवत असेल किंवा त्याचा कान वाहत असेल, तर 'मोठं झालं की बोलेल' म्हणून थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांना तपासतात, त्यांना जरूर सांगा. भाषा शिकण्याची पहिली वर्षं परत येत नाहीत. चिऊची काही वर्षं गेली आणि त्यातले चार महिने माझ्या वर्गात गेले.

चिऊ गणपतीला केळशीला आली होती. मी संध्याकाळी किनाऱ्यावर गेले तर ती पाण्यापासून जरा लांब एकटीच उभी. तिने यंत्र कानातून काढलं. थोडं थांबली. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. ज्या गाजेशेजारी ती जन्मली, ती गाज ती तपासून बघत होती! मग मावशींची शिकवण आठवली असावी. खारं वारं लागू नये म्हणून तिने यंत्र नीट पुसलं आणि डबीत ठेवलं.

आता तुमचं काम. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, वाडीत ज्यांच्यामुळे कुणाचा तरी दिवस नीट जातो, अशा माणसांची यादी करा. झाली की दाराकडे एकदा बघा. तिथे कुणी उभं राहिलंय का?

तुमच्या,
केळशीच्या बाई