कल्पित प्राणी, खरी माहिती

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. मकरसंक्रांतीला या घाटावर यात्रा भरते. स्नान करून वर आलेला भाविक नदीला हात जोडतो, तेव्हा त्याच्या मनातली नर्मदामाई मकरावर बसलेली असते. हा मकर पाण्यात कोणी पाहिलेला नाही. मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी एकत्र आणून शिल्पकारांच्या कल्पनेने त्याला घडवले आहे. त्याच घाटाच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या मुलाच्या हातातील मोबाइलवर दुसरा एक कल्पित प्राणी उड्या मारत असतो. तो जपानमधील खेळकर्त्यांनी घडवलेला असतो. दोन्ही प्राणी कल्पनेतले आहेत. परंतु त्या दोघांविषयीही खरे आणि खोटे लिहिता येते. म्हणूनच अशा प्राण्याविषयी ज्ञानकोशात काय लिहावे आणि ते कसे सुधारावे, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

विकिपीडिया हा इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. या कोशात कोणीही नवी नोंद लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेली नोंद दुरुस्तही करू शकतो. अर्थातच जो तो आपल्या आवडीचा विषय घेऊन आला. पहिल्या काही वर्षांत इंग्रजी विकिपीडियावर व्हिडिओ गेममधील प्राण्यांच्या नोंदींचा सुळसुळाट झाला. ‘पोकेमॉन’ या खेळातील जवळपास प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र नोंद तयार झाली. गंभीर वृत्तीच्या लोकांनी तेव्हा नाके मुरडली. एखाद्या गावाच्या इतिहासाला चार ओळी आणि खेळातल्या प्राण्याला चार पाने, हा कुठला न्याय, असे ते विचारू लागले.

हा आक्षेप निराधार नव्हता. त्या नोंदींपैकी बऱ्याच नोंदींमध्ये खेळातलीच माहिती पुन्हा सांगितलेली होती. प्राण्याची शक्ती कोणती, तो कोणावर मात करतो, कितव्या पायरीवर त्याचे रूप पालटते, एवढेच त्यांत असे. पुढे विकिपीडियाच्या संपादकांनीच चर्चा करून अशा बहुतेक नोंदी एकत्र केल्या आणि त्यांच्या याद्या बनवल्या. नोंदींची संख्या वाढली म्हणजे ज्ञान वाढले असे होत नाही, हा धडा त्यातून मिळाला. तथापि विषय क्षुल्लक आहे म्हणून त्यावरील श्रमही क्षुल्लक ठरतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ‘पॉरिगॉन’ नावाच्या प्राण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

पोकेमॉनचे पहिले खेळ १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आले. त्यांत १५१ प्राणी होते आणि पॉरिगॉनचा क्रमांक १३७ वा होता. संगणकाच्या आज्ञावलीतून माणसांनी निर्माण केलेला प्राणी, अशी त्याची कथा. पुढे या खेळावर दूरचित्रवाणीची चित्रमालिका निघाली. १६ डिसेंबर १९९७ रोजी तिचा जो भाग प्रसारित झाला, त्यात पॉरिगॉनला महत्त्वाची भूमिका होती. त्या भागातील एका दृश्यात पडद्यावर लाल आणि निळा प्रकाश अतिशय वेगाने आलटून पालटून चमकला. पाहणाऱ्या मुलांपैकी अनेकांना मळमळ, चक्कर आणि झटके येऊ लागले. सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीही दाखवण्यात आला नाही. पुढे लखलखत्या दृश्यांविषयी जपानी प्रसारकांनी नियम घालून घेतले.

या प्रकरणात दोष मात्र पॉरिगॉनच्या माथी बसला. त्यानंतर मालिकेत त्याला जवळजवळ जागाच उरली नाही. प्रत्यक्षात तो घातक लखलखाट पॉरिगॉनचा नव्हता; पिकाचू या दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या विजेचा तो स्फोट होता. पिकाचू सर्वांचा लाडका होता. तो मालिकेचा नायक राहिला आणि पॉरिगॉन बदनाम झाला. कल्पित प्राण्यावर अन्याय झाला म्हणून कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण आजारी पडलेली मुले खरी होती आणि त्यांच्या आजाराचे कारणही खरे होते. ‘पॉरिगॉनमुळे मुले आजारी पडली’ हे वाक्य आणि ‘विशिष्ट वेगाने चमकणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशामुळे मुले आजारी पडली’ हे वाक्य, या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यातून अफवा पसरते. दुसऱ्या वाक्यातून एखाद्या आईला आपल्या मुलाला पडद्यापासून दूर बसवण्याचे शहाणपण मिळते. पहिले वाक्य खोडून दुसरे लिहिणे म्हणजेच नोंद सुधारणे होय.

अशी सुधारणा करणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. कथेच्या आत काय घडते आणि कथेबाहेरच्या जगात काय घडले, यांतील सीमारेषा त्याने प्रथम आखली पाहिजे. ‘हा प्राणी वीज सोडतो’ असे न लिहिता ‘खेळात हा प्राणी वीज सोडताना दाखवला आहे’ असे लिहावे. तो प्राणी कोणी व केव्हा निर्माण केला आणि समाजावर त्याचा काय परिणाम झाला, हे सांगावे. प्रत्येक विधानाला छापील किंवा अन्य विश्वसनीय आधार द्यावा. ‘अद्भुत’, ‘सर्वांत लाडका’ अशी स्तुतीची विशेषणे गाळावीत. दुसऱ्याने केलेला बदल पटला नाही, तर रागाने पुसून न टाकता चर्चापानावर कारण मांडावे. या नियमांत पांडित्य फारसे नाही. प्रामाणिकपणा मात्र पुष्कळ आहे.

हीच पथ्ये तिलवाराच्या मकरालाही लागू पडतात. नर्मदेत मगरी आहेत आणि ‘मगर’ हा शब्द ‘मकर’ या संस्कृत शब्दापासूनच आला आहे. त्यामुळे दोघांची सरमिसळ सहज होते. चांगली नोंद सांगेल की मगर हा जिवंत प्राणी आहे आणि मकर हा शिल्पातला व पुराणातला. तो गंगेचे व वरुणाचे वाहन आहे, कामदेवाच्या ध्वजावर तोच आहे, मंदिरांच्या तोरणांवर आणि गाभाऱ्याचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीच्या मुखावर तोच कोरलेला आढळतो. अशा लेखनाने श्रद्धेला धक्का लागत नाही आणि माहितीलाही बाधा येत नाही. ज्याने पॉरिगॉनच्या नोंदीत कथा आणि वस्तुस्थिती वेगळी केली, त्याला मकराची नोंद लिहिणे अवघड जाणार नाही.

मराठीला ज्ञानकोशाची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. या कोशांचे लेखक विद्वान होते आणि वाचक केवळ वाचक होता. चूक आढळली, तर पत्र लिहून वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. आज तीच चूक तो स्वतः दुरुस्त करू शकतो. ज्याचे शिक्षण परिस्थितीमुळे मध्येच सुटले, त्यालाही हा अधिकार आहे. येथे पदवी कोणी विचारत नाही; आधार कोणता, एवढेच विचारले जाते.

ही आधाराची अट कधीकधी जाचक वाटते. घाटावरच्या नावाड्याला नदीविषयी जे ठाऊक असते, ते कोठेच छापलेले नसते आणि म्हणून कोशात येत नाही. ही उणीव खरी आहे. तिच्यावरचा उपाय अट मोडण्यात नाही. ते ज्ञान कोणीतरी विचारून, नोंदवून प्रसिद्ध करण्यात आहे. कारण हीच अट अफवेला दाराबाहेर ठेवते.

आवडत्या खेळातील प्राण्यापासून प्रारंभ करण्यात कमीपणा नाही. आवड असेल तेथेच माणूस मन लावून काम करतो. मात्र त्याने तेथेच थांबू नये. तिलवाराजवळ त्रिपुरी येथे १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच घाटावर नर्मदेत विसर्जित झाला. खेळातल्या प्राण्याविषयी एक चुकीचे वाक्य ज्याला खटकले, त्याला आपल्या गावाविषयीचे चुकीचे वाक्यही एक दिवस खटकेल. त्या दिवशी ते दुरुस्त करण्याची रीत त्याला आधीच ठाऊक असेल.