अपडेट अडतं कुठे? शेतकऱ्याच्या मोबाईलपासून विमानतळावरच्या निळ्या स्क्रीनपर्यंत

हवेली तालुक्यातलं लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. एकीकडे विद्यापीठाचा कॅम्पस आणि तेल कंपन्यांचे डेपो, दुसरीकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि तरकारी. इथल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप, ऑफिसातला कम्प्युटर आणि शेतकऱ्याचा मोबाईल यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. तिघांनाही अपडेट लागतं, पण ते कधी आणि कसं येणार हे बहुतेक वेळा तिघांच्याही हातात नसतं.

एरवी अपडेट म्हणजे थोडा वैताग, 'नंतर करू' म्हणून बाजूला सारायची गोष्ट. पण त्याच अपडेटवर पीक विम्याचा दावा किंवा विमानाचं वेळापत्रक अवलंबून असेल, तर ते नीट पोहोचवणारी यंत्रणा कुणी आणि कशी बनवली, हा प्रश्न सगळ्यांचाच होतो.

ई-पीक पाहणीत अपडेटचा प्रश्न का येतो?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतात कोणतं पीक आहे याची सातबाऱ्यावरची नोंद आधी तलाठी करायचे. ती शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, पिकाचा फोटो काढून करावी, अशी ही कल्पना. पीक विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी या सगळ्यात ही नोंद कामाला येते.

२०२२ च्या खरिपात ॲपचं दुसरं व्हर्जन आलं. गटाचा मध्यबिंदू आणि फोटो काढल्याची जागा यांची तुलना त्यात होऊ लागली. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोयही मिळाली. २०२४ च्या रब्बीपासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या धर्तीवरचं ॲप राज्यभर लागू झालं. त्यात पिकाचा फोटो शेताच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत उभं राहूनच काढावा लागतो.

यातला जवळजवळ प्रत्येक बदल शेतकऱ्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचतो: नवं व्हर्जन घ्या. ही नोंद घरी बसून होत नाही. बांधावर उभं राहावं लागतं, मोबाईलला रेंज लागते, बॅटरी लागते. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम ॲप उघडतात, तेव्हा ताण सर्व्हरवरही येतो. २०२५ च्या खरिपात सर्व्हर चालत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि १४ सप्टेंबरची मुदत पुढे ढकलावी लागली. त्याच महिन्यात मराठवाडा आणि सोलापुरात पुराने पिकं गेली. नोंद झाली आहे की नाही, हा प्रश्न अशा वेळी किती महत्त्वाचा ठरतो, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या कंपन्यांचं तरी नीट चालतं का?

'सरकारी ॲप आहे, असंच चालणार', असं म्हणून हा विषय सोडून देणं सोपं आहे. पण अपडेटमुळे झालेला अलीकडचा सगळ्यात मोठा गोंधळ एका नामांकित खासगी कंपनीकडून झाला.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज कम्प्युटरवरच्या आपल्या सॉफ्टवेअरला एक छोटी फाइल पाठवली. नव्या प्रकारचे हल्ले ओळखता यावेत म्हणून अशा फाइल कंपनी सतत पाठवत असते. या फाइलमध्ये गफलत होती. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख कम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते.

भारतात त्याचा फटका मुख्यतः विमानसेवेला बसला. मुंबई आणि पुण्यासह अनेक विमानतळांवर रांगा लागल्या, काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बँकांचं मात्र निभावलं. १० बँका आणि वित्तसंस्थांमध्येच किरकोळ अडचणी आल्याचं रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सांगितलं.

त्या फाइलमध्ये चुकलं काय?

कंपनीने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात याचं उत्तर आहे. नव्या फाइलला २१ रकाने अपेक्षित होते, पण कम्प्युटरवर आधीपासून असलेला प्रोग्राम २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. एकविसावा रकाना वाचायला गेलेला प्रोग्राम मेमरीत नको तिथे पोहोचला. हा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, त्यामुळे त्याच्यासोबत अख्खा कम्प्युटर कोसळला.

चाचण्या झाल्याच नव्हत्या, असं नाही. झाल्या होत्या. पण त्या चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे तो वाचायची वेळच आली नव्हती. आणि फाइल तपासणारं जे साधन होतं, त्यानेही २१ रकाने आहेत असंच गृहीत धरलं होतं.

खरी गोम मात्र पुढे आहे. या कंपनीच्या ग्राहकांना मुख्य सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन काही काळ थांबवून ठेवायची सोय होती. सावध कंपन्या ती वापरतही होत्या. पण ही छोटी फाइल त्या नियमात बसत नव्हती. ती सगळ्यांना एकाच वेळी जायची. म्हणजे मुख्य दरवाजाला कुलूप होतं आणि खिडकी उघडी होती.

दुसरी अडचण दुरुस्तीची. चूक मागे घेतली तरी आधीच बंद पडलेल्या कम्प्युटरना त्याचा उपयोग नव्हता. ते सुरू होतानाच कोसळत होते, दुरुस्त फाइल उतरवायला इंटरनेटपर्यंत पोहोचतच नव्हते. काही कम्प्युटर पुन्हापुन्हा सुरू केल्यावर सावरले. बाकी असंख्य ठिकाणी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये कम्प्युटर उघडून, ती एक फाइल हाताने काढून टाकावी लागली.

अपडेट करणारं साधनच बिघडलं तर?

हे याआधीही घडलं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोस या कंपनीच्या अँटिव्हायरसला एक सदोष अपडेट गेलं. त्यानंतर तो इतर कंपन्यांच्या अपडेट साधनांना व्हायरस समजू लागला. इतकंच नाही, तर स्वतःच्या अपडेट साधनालाही त्याने व्हायरस ठरवलं. ज्या वाटेने दुरुस्ती यायची, तीच वाट औषधाने बंद केली.

त्याहून धोकादायक प्रकार म्हणजे अपडेटच्या वाटेने चोर घरात येणं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या 'एम.ई.डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम पसरला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं सापडलं आणि त्याचा धक्का थेट महाराष्ट्रात बसला. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं संगणकीय कामकाज ठप्प झालं. हजारो किलोमीटरवरच्या एका कर भरायच्या सॉफ्टवेअरमुळे रायगड जिल्ह्यात कंटेनर अडकले.

मग अपडेट घेऊच नये का? त्याचं उत्तर त्याच वर्षी मिळालं होतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातले कम्प्युटर वेठीला धरले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने उलटून गेले तरी अनेकांनी ती बसवलेली नव्हती.

म्हणजे अपडेट घेतलं तरी धोका, नाही घेतलं तरी धोका. यातून सुटका होते ती अपडेट पोहोचवणारी यंत्रणा नीट बांधली तरच.

चांगली यंत्रणा कशी असते?

पहिली गोष्ट म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. नवं अपडेट आधी थोड्या लोकांना द्यायचं, काही तास किंवा दिवस बघायचं, मग संख्या वाढवायची. गुगल प्ले स्टोअरवर ॲप बनवणाऱ्यांना 'आधी ठरावीक टक्के लोकांनाच द्या' अशी सोय आहे. १९ जुलैच्या फाइलला हा टप्पा नव्हता. नंतर क्राउडस्ट्राइकनेही टप्प्याटप्प्याने वितरण सुरू केलं आणि अशा फाइल कधी घ्यायच्या याचं नियंत्रण ग्राहकांना दिलं.

दुसरी, परतीची वाट. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन कप्पे असतात. एका कप्प्यावर फोन चालू असताना अपडेट दुसऱ्या कप्प्यात उतरतं. नव्या कप्प्यातून फोन सुरू झाला नाही, तर तो जुन्यावर परत येतो. दुरुस्तीसाठी कुणी दारात यावं लागत नाही.

तिसरी, ओळख. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर अँड्रॉइड जुन्या ॲपवर नवं बसवू देत नाही. अर्थात, चोर कंपनीच्या आतच शिरला तर फक्त सही पुरत नाही, हे एम.ई.डॉकने दाखवलं.

चौथ्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ज्याला अपडेट घेता येत नाही, त्याचं काय? फोन जुना आहे, जागा नाही, डेटा संपलाय. अशा माणसाला जुन्या व्हर्जनवर काही काळ काम करू द्यायचं की दार बंद करायचं, हे ॲप बनवणारा ठरवतो. दार बंद करायचं असेल तर त्याला वेळेत सांगणं, ही त्याचीच जबाबदारी.

तुमच्या फोनवर अपडेट अडलं तर काय तपासाल?

• फोनमधली मोकळी जागा आधी बघा. ॲप छोटं असलं तरी बसवताना त्याहून जास्त जागा लागते.

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवर अपडेट' असं असेल, तर मोबाईल डेटावर अपडेट आपोआप होणार नाही. ॲपच्या पानावर जाऊन स्वतः अपडेट करा.

• फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना? ती चुकली तर सुरक्षित जोडणीच होत नाही आणि दोष सर्व्हरचा वाटतो.

• ॲप तुमच्या फोनला चालत नाही असं प्ले स्टोअर सांगत असेल, तर अँड्रॉइडचं व्हर्जन जुनं असू शकतं. अशा वेळी पुन्हापुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. दुसऱ्या फोनवरून नोंद करा किंवा गावातल्या सहायकाची मदत घ्या.

• 'जुनं ॲप काढा, नवं टाका' हा सल्ला सरसकट पाळू नका. ॲप काढलं की त्यात साठलेली, अजून न पाठवलेली माहिती सहसा पुसली जाते. आधी सगळं अपलोड झालंय का बघा.

• व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल बसवू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरीही. वाहनाचं चलान किंवा सरकारी योजनेच्या नावाने अशा फाइल पाठवून बँक खाती रिकामी करायचे प्रकार देशभर झाले आहेत. खरं अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्या.

• नोंद झाल्यावर स्क्रीनशॉट ठेवा. अडचण आली तरी त्रुटीच्या मेसेजचा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. 'ॲप चालत नाही' या तक्रारीपेक्षा तो मेसेज दोष शोधायला कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

मग जबाबदारी कुणाची?

वरची यादी उपयोगाची आहे, पण ती पूर्ण उत्तर नाही. अपडेट बिघडलं की सल्ले वापरणाऱ्याला मिळतात: जागा मोकळी करा, फोन बदला, रात्री प्रयत्न करा. १९ जुलैच्या सकाळी विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. बांधावर मोबाईल हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याचंही तसंच असू शकतं.

ज्या ॲपवर लोकांचा हक्क अवलंबून आहे, त्याच्याबाबत काही साध्या मागण्या करता येतात. नवं व्हर्जन हंगाम सुरू व्हायच्या काही आठवडे आधी यावं. ते आधी मोजक्या गावांत वापरून बघावं. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सक्तीचं अपडेट नसावं. सर्व्हर बंद असेल तर तसं जाहीर सांगणारं एक पान असावं. आणि ॲपमुळे नोंद राहिली, तर ती दुसऱ्या मार्गाने करून घ्यायची सोय गावातच असावी.

मुदतवाढ मिळाली की प्रश्न त्या हंगामापुरता मिटतो, पण पुढच्या हंगामात पुन्हा नवं व्हर्जन येतं. त्यामुळे मुदत किती दिवसांनी वाढली याबरोबरच, हे अपडेट सगळ्यांना देण्याआधी कुठे आणि किती दिवस वापरून बघितलं, हेही विचारायला हवं.