महाराजांची विमाने, आमच्या ट्रंका

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयाचे चित्रदालन बांधून झाले १९१४ साली. उघडले १९२१ मध्ये, कारण युद्धामुळे चित्रे युरोपातच अडकली. पहिल्या महायुद्धाने बडोद्याचे केले काय, तर चित्रे उशिरा आली! दुसऱ्याची आठवणही अशीच राजेशाही. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे नाव मिळाले, ते गायकवाडांच्या देणगीमुळे. त्या स्पिटफायर विमानांवर हौसेने लिहिणारे पुष्कळ आहेत. लिहोत बापडे.

माझा सवाल शिपायांचा आहे. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे एक खेडे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचा स्तंभ तिथे आहे आणि गावाला 'मिलिटरी' हे नावच चिकटले. बडोद्याच्या मराठी घरांतही माळ्यावर पलटणीच्या ट्रंका आहेत. त्यांत पदके, पेन्शनचे कागद, मोडीतली पत्रे. मोडी वाचणारे आजोबा गेले. नातू गुजराती माध्यमात शिकला. दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाला दारात उभा. यात सुनेचा दोष काढू नका. त्या कागदांवर काय लिहिले आहे, हे तिला कोणी सांगितलेच नाही.

म्हणून कमाटीबागेत या शिपायांची एक खोली हवी. मोठी नको. पत्र मोडीत, खाली तेच बाळबोधीत व गुजरातीत, आणि शिपायाचे पूर्ण नाव. सरकारकडे अर्ज करूच. पण तोवर आपल्या मंडळांनी गणपतीच्या रोषणाईतून पैसे वाचवून एक काचेचे कपाट घ्यावे आणि मोडी जाणणारा एक माणूस आठवड्यातून दोन दिवस तिथे बसवावा.