‘नुसता डेटाच तर आहे!’

परवा रात्री एका मैत्रिणीच्या रूमवर गेले होते. पुढच्या आठवड्यात तिचा अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे. मला वाटलं, प्रश्नोत्तरांची तयारी चालली असेल. पण ती इन्स्टा साफ करत बसली होती. दोन वर्षांपूर्वी गाझातल्या मुलांबद्दलची एक स्टोरी तिने हायलाइटमध्ये ठेवली होती, ती काढून टाकत होती. मी विचारलं, ‘‘काढायला कुणी सांगितलं?’’ ती म्हणाली, ‘‘कुणीच नाही. पण रिस्क कशाला घ्यायची?’’

तुमच्याही ओळखीत कुणी ना कुणी असं करत असेल. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममध्ये २०१९पासून गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची हँडल्स लिहून द्यावी लागतात. जून २०२५मध्ये त्यात भर पडली. विद्यार्थ्यांनी आपले अकाउंट्स ‘पब्लिक’ ठेवावेत, म्हणजे अधिकाऱ्यांना ते तपासता येतील, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं. पोस्ट डिलीट करा, असं कुठेच लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. कुणीतरी बघतंय एवढं कळलं, की माणूस स्वतःच स्वतःचा सेन्सॉर होतो.

मैत्रिणीची भीती उगाच नाही. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात रुमेसा ओझतुर्क ही तुर्कस्तानची विद्यार्थिनी पीएचडी करत होती. मार्च २०२४मध्ये तिने आणखी तिघांबरोबर विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. गाझा युद्धाबाबत विद्यापीठाने भूमिका घ्यावी, अशी त्यात मागणी होती. वर्षभराने, २५ मार्च २०२५ला, तोंडं झाकलेल्या, साध्या कपड्यांतल्या सरकारी माणसांनी तिला भर रस्त्यात पकडलं. व्हिसा आधीच रद्द केलेला होता. सहा आठवड्यांहून अधिक काळ ती लुइझियानातल्या स्थानबद्धता केंद्रात होती. न्यायाधीशांनी तिला सोडण्याचा आदेश देताना म्हटलं, की या लेखाशिवाय सरकारने तिच्याविरुद्ध काहीच पुरावा दिलेला नाही. एक लेख. तोही कॉलेजच्या पेपरमधला.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘आपल्याला कुठे अमेरिकेला जायचंय? आणि माझ्याकडे लपवायला आहे तरी काय?’’ तर थोडं मागे, २०१३मध्ये जाऊ. आपण तेव्हा शाळेत होतो.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर विभागांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सरळ विचारलं, की लाखो-कोट्यवधी अमेरिकी लोकांची माहिती तुम्ही गोळा करता का? क्लॅपर ‘नाही’ म्हणाले. जाणूनबुजून तरी नाही. तीनच महिन्यांनी एडवर्ड स्नोडेन या २९ वर्षांच्या तरुणाने ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’ची, म्हणजे ‘एनएसए’ची, गुप्त कागदपत्रं पत्रकारांच्या हाती दिली. व्हेरिझॉन कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएकडे जात होत्या. बाकीचं जगही सुटलं नव्हतं. एका कागदात देशांची यादी होती. मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून गोळा झालेल्या नोंदींचा आकडा होता ६३० कोटी. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग पाचव्या नंबरवर आपण.

यावर आपल्याकडे काय झालं? तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांचं म्हणणं असं होतं, की ही काही खरी हेरगिरी नाही, कुणी मेसेज वाचत नाही, फक्त कॉल आणि ईमेलच्या पॅटर्नचं कॉम्प्युटर विश्लेषण करतो. थोडक्यात, ‘नुसता डेटाच तर आहे!’

या ‘नुसता’ शब्दावरच माझा आक्षेप आहे. समजा, तुम्ही काय बोललात ते कुणी ऐकलं नाही. पण तुम्ही रात्री दोन वाजता कुणाला फोन केलात, त्याआधी कुठल्या दवाखान्याला, नंतर कुठल्या वकिलाला, किती मिनिटं, कुठल्या टॉवरखालून, एवढंच कळलं. मग ऐकायचं काय राहिलं? याला मेटाडेटा म्हणतात. त्याची ताकद किती, हे खुद्द एनएसएचे माजी प्रमुख मायकल हेडन यांनीच २०१४मध्ये एका जाहीर चर्चेत सांगून टाकलं. आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो, असं ते म्हणाले. अमेरिकी नागरिकांच्या कॉलच्या नोंदींचं आम्ही तसं काही करत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. म्हणजे उरलो कोण?

पाळत आणि युद्ध हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी म्हणते ते याचसाठी. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ते जोडीनेच आले. तीन दिवसांत अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात ४२० मतं बाजूने पडली आणि विरोधात एक, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं, धमक्या आल्या. पुढे त्याच ठरावाचा आधार घेऊन अफगाणिस्तानच नव्हे, येमेन आणि सोमालियातही हल्ले झाले. महिन्याभराने पाळतीचे अधिकार वाढवणारा ‘पेट्रियट अॅक्ट’ आला. सिनेटमध्ये त्याला विरोध करणारेही एकच, रस फाइनगोल्ड. भीतीच्या दिवसांत दिलेले अधिकार भीती ओसरल्यावर कुणी आपणहून परत करत नाही.

आणि बघितलं म्हणजे कळलं, असंही नसतं. २९ ऑगस्ट २०२१, काबूल. तीन दिवसांपूर्वी विमानतळावर भीषण बॉम्बस्फोट झाला होता. अमेरिकी ड्रोन एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाच्या मागावर होते, जवळपास आठ तास. गाडीत स्फोटकं भरली जात आहेत, असं स्क्रीनसमोर बसलेल्यांना वाटलं. क्षेपणास्त्र सुटलं. दहा माणसं गेली, त्यातली सात मुलं. गाडी चालवणारा एका अमेरिकी मदतसंस्थेचाच कर्मचारी होता आणि घरी नेत होता ते पाण्याचे कॅन. सुरुवातीला या हल्ल्याचं समर्थन झालं. पत्रकारांनी खोदून काढल्यावर १७ सप्टेंबरला लष्कराने चूक कबूल केली. शिक्षा कुणालाच झाली नाही. आठ तास डोळ्यांनी बघूनही जर ही गत, तर नुसत्या नंबरांच्या जाळ्यावरून कोण दोषी ठरत असेल, याचा विचार करा.

‘मग दहशतवाद्यांना मोकळं सोडायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि मुंबई जवळून बघणाऱ्या आपण तो टाळू नये. २६/११ला १६६ जणांचे जीव गेले. त्याची रेकी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकी नागरिक होता आणि पूर्वी त्यांच्याच अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या. त्याच्या दोन बायकांनी हल्ल्याआधीच अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल सावध केलं होतं. माहिती चालत दारात आली होती, तिच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. सरसकट सगळ्यांचा डेटा साठवणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधताना वर आणखी गवत टाकणं. अमेरिकेच्याच सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी २०१४च्या अहवालात म्हटलं, की कॉलच्या नोंदींच्या या योजनेमुळे दहशतवादाच्या एकाही तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचं आढळलं नाही. ठरावीक माणसावर संशय असेल, तर न्यायालयाकडून वॉरंट घ्या आणि पाळत ठेवा. त्याला कुणाचीच ना नाही.

अमेरिकी नागरिक भांडले आणि त्यांना थोडं यशही मिळालं. मे २०१५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की सरसकट नोंदी गोळा करायला कायद्याचा आधारच नाही. पुढच्याच महिन्यात कायदा बदलला. पण परदेशात राहणाऱ्या परक्या नागरिकांवर पाळत ठेवू देणारं ‘कलम ७०२’ मात्र तसंच राहिलं. २०२४मध्ये त्याला पुन्हा दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. तिकडच्या वादात मुख्य काळजी ही, की या जाळ्यात अमेरिकी माणसं चुकून सापडू नयेत. जाळं ज्यांच्यासाठी टाकलंय, त्यात तुम्ही-आम्ही आहोत. आणि आपल्याला तिथे मतही नाही.

ही टीका म्हणजे अमेरिकाद्वेष नव्हे. बार्बरा ली, फाइनगोल्ड, वायडन, ते न्यायाधीश, सगळे अमेरिकीच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीही २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. म्हणून वॉशिंग्टनला जो प्रश्न विचारायचा तोच दिल्लीला आणि मुंबईलाही विचारायचा: कुणावर, कशासाठी, कुणाच्या परवानगीने?

खरं सांगायचं तर हा लेख लिहिताना मीही दोनदा थांबले. पुढच्या वर्षी मलाही बाहेर मास्टर्सला अर्ज करायचाय. लेखाखाली नाव द्यायचं की नुसती आद्याक्षरं, हा विचार डोक्यात येऊन गेला. तो विचार आला, हेच त्या पाळतीचं यश. नाव दिलंय.

मैत्रिणीला मी नावं ठेवणार नाही. घरच्यांनी कर्ज काढलंय, तिचं वर्ष पणाला लागलंय. पण जे आपण आज काढून टाकतोय, ते का काढतोय एवढं तरी आपल्याला माहीत असावं. आणि पुढच्या वेळी कुणी ‘नुसता डेटाच तर आहे’ म्हणालं, तर त्याला काबूलच्या त्या गाडीबद्दल नक्की सांगा.