मायेला कागद कशाला?

‘मायेला कागद कशाला?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत इतक्या अभिमानानें विचारला जातो कीं, विचारणारास आपण कांहीं उदात्त बोललों असें वाटतें. बापानें मृत्युपत्राचें नांव काढलें तर तें अभद्र. घर मुलाच्या नांवें करून देतांना ‘आम्हांस मरेपर्यंत येथें राहूं द्यावें’ एवढें वाक्य घालण्याचें कोणीं सुचविलें तर तो अविश्वास. आणि आईनें निर्वाहखर्च मागितला तर ती कुळाची बेअब्रू! ह्या तिन्ही समजुती खोट्या असून त्यांची किंमत म्हातारीं माणसें भरीत आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गेल्या हिवाळ्यांत शिर्डीस गेलों असतां एका निवृत्त शिक्षकांशीं आमची गांठ पडली. दर्शन आटोपून आम्ही बांकावर टेकलों होतों. गृहस्थ शेजारीं येऊन बसले. बोलतां बोलतां कळलें कीं, ते दर्शनास आलेले नव्हते, राहावयास आलेले होते. पत्नीच्या निधनानंतर त्यांनीं आपलें राहतें घर बक्षीसपत्रानें मुलास दिलें. नोंदणीच्या कचेरींत नातू मांडीवर होता. बाहेर येऊन पेढे वांटले. दोन वर्षांत त्यांची खाट खोलींतून ओसरीवर आली. मग मुलानें ‘हवापालट म्हणून चार दिवस शिर्डीस जाऊन या’ असें सुचविलें. त्या चार दिवसांचे तीन महिने झाले होते. ‘प्रसादालयांत पोट भरतें,’ ते म्हणाले. कायद्याचा विषय आम्हीं काढतांच मात्र ते ताठ झाले. ‘पोरावर फिर्याद करूं?’

त्या मुलाची कृतघ्नता आम्हांस झांकावयाची नाहीं. परंतु कृतघ्नतेस दार उघडें ठेवलें तें कोणीं? बापाच्याच भाबडेपणानें.

ज्या गांवीं ही भेट झाली त्या गांवचा इतिहास तरी काय सांगतो? साईबाबांनीं १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, देह ठेवला. ज्यांनीं आयुष्य पडक्या मशिदींत भिक्षेवर काढलें त्यांच्यामागें वांटून घेण्यासारखें काय असणार? आपणांस जेवूं घालणाऱ्या लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर त्यांनीं अखेरच्या वेळीं नऊ रुपये ठेवले, असें दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरितां’त आहे. आपणांस वाड्यांत न्यावें, ही इच्छाही त्यांनीं बोलून दाखविली होती. तरी देह कोठें ठेवावा ह्यावरून तंटा पडलाच. एक पक्ष म्हणे मोकळ्या जागेंत, दुसरा म्हणे बुटींच्या वाड्यांत. कोपरगांवच्या मामलेदारांस मतें घ्यावीं लागलीं, आणि ३६ तासांनीं एकमत झालें. पुढें संस्थानच्या कारभाराची घडी बसविण्यासाठीं १९२२ मध्यें अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा न्यायालयास योजना आंखून द्यावी लागली. भांडणारे दुष्ट नव्हते. दोन्हीकडे भक्तच होते. मायेची उणीव नव्हती, लेखाची होती. अपरिग्रही फकिरामागें जें घडलें, तें सदनिका, ठेवी आणि दागिने ठेवून जाणाऱ्या गृहस्थामागें घडणार नाहीं, हें मानावयास आधार कोणता?

आतां कायद्याकडे वळूं. आमच्या महाराष्ट्रांत राहतें घर किंवा शेतजमीन मुलामुलींस बक्षीस देण्याचें मुद्रांकशुल्क अवघें २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च व स्थानिक अधिभार काय तो वेगळा. जन्माची कमाई इतक्या स्वस्तांत हातावेगळी करतां येते, म्हणूनच ती विचारपूर्वक करावी. बक्षीस एकदां स्वीकारलें गेलें कीं दाता लहर फिरली म्हणून तें परत घेऊं शकत नाहीं. मृत्युपत्राची गोष्ट उलट. तें मृत्यूनंतरच अमलांत येतें व तोंवर हवें तितक्या वेळां बदलतां येतें. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीचीही सक्ती नाहीं. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्यांस त्यांतून कांहीं मिळावयाचें नाहीं असे साक्षीदार निवडणें शहाणपणाचें.

घर जिवंतपणींच द्यावयाचें असेल तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम नीट वाचावा. त्याच्या २३ व्या कलमानें, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळूं शकते. परंतु अट असली पाहिजे. केवळ मायेनें दिलेल्या घरास हें कलम आपोआप लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें सांगितलें. जानेवारी २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें ह्या कायद्याचा अर्थ उदारपणें लावून मध्यप्रदेशांतील एका मातेस तिचें घर परत देवविलें खरें. पण तिच्यापाशीं मुलानें लिहून दिलेलें वचनपत्र होतें. ज्या एका ओळीस आम्ही अविश्वास म्हणतों, ती ओळच तिच्या कामीं आली!

निर्वाहाच्या अर्जासाठीं दूरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहींत. अर्जदार जेथें राहतो तेथेंही अर्ज करतां येतो. म्हणजे ते शिक्षक शिर्डीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडेही जाऊं शकत होते. नोटीस बजावल्यापासून साधारणतः ९० दिवसांत निकाल द्यावा, असा दंडक आहे. ह्या कायद्यांत दोष नाहींत असें नव्हे. निर्वाहरकमेस त्यानें दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली; ती उठविण्याचें विधेयक २०१९ मध्यें लोकसभेंत आलें, पण त्या लोकसभेच्या मुदतींत त्याचा कायदा झाला नाहीं. तथापि अपुरी ढाल टाकून देऊन उघड्या छातीनें उभें राहणें ह्यास शौर्य म्हणत नाहींत.

आमचे विरोधक म्हणतील, अटीनें चांगल्या मुलाचें मन दुखावतें. आम्ही विचारतों, त्याचें नुकसान तें काय झालें? जो सांभाळणारच आहे त्यास ती अट कधीं बोचत नाहीं. ती बोचते सांभाळावयाचें नाहीं त्यालाच. दुसरे म्हणतील, म्हातारे मृत्युपत्राचा धाक दाखवून घर वेठीस धरतात, मुलींस डावलतात. हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच तें शहाणपणाच्या वयांत, पतिपत्नींनीं मिळून, मुलगा व मुलगी दोघांस सांगून करावें. रुग्णशय्येवर, एकाच मुलाच्या पहाऱ्यांत नव्हे. आणि मागें राहणाऱ्या पत्नीच्या डोक्यावरील छप्पर अगोदर, बाकीचे हिस्से नंतर.

दहा रुपयांची भाजी घेतांना आम्ही हिशेब मोजून घेतों, आणि आयुष्याचें घर देतांना हिशेबाची लाज बाळगतों! ही लाज सोडली पाहिजे. शिर्डीस अवश्य जावें, समाधीवर अर्पण करावयाचें तें करावें. परंतु परत यावयाचें घर आपलें आहे, एवढें पाहून निघावें.