रीलवरचा मासा मोजणार कोण?

रविवारी सकाळी इन्स्टा उघडलं की तुमच्याही फीडवर तो दिसत असेल. खडकावर उभा, गॉगल लावलेला, दोन्ही हातांत जिताडा किंवा तांब धरून हसणारा. गळ टाकून मासे पकडणं हा आपल्या वयाच्या अनेकांचा वीकेंडचा छंद झालाय. छान आहे. मॉलमध्ये भटकण्यापेक्षा खाडीकिनारी चार तास गप्प बसणं कधीही बरं. माझा प्रश्न वेगळा आहे. हा मासा कुणाच्या हिशेबात येतो?

जवळपास कुणाच्याच नाही. कोचीची सीएमएफआरआय ही संस्था देशभरातल्या बंदरांवर नमुना पद्धतीने मासळीची आवक मोजते. पण खडकावर पकडून थेट घरच्या तव्यावर गेलेला मासा बंदरावर येतच नाही.

‘एकदोन माशांनी काय होतंय?’ असं म्हणाल. अमेरिकेतला, २००४ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास बघा. तिथल्या एकूण सागरी मासळीत हौशी लोकांचा वाटा फक्त ४ टक्के निघाला. मात्र ज्या जातींची अवस्था आधीच नाजूक होती, त्यांच्यात तोच वाटा २३ टक्के होता. शिवाय हौशी माणसाला मासा मोठा हवा असतो. आता जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोत सगळ्यात भारी दिसणारा जिताडा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच!

मोजणी सोपी नाही, हेही खरं. अमेरिकेत आधी घरोघरी फोन करून विचारायचे, मग टपालाने प्रश्नावली पाठवू लागले. २०२३ मध्ये ‘नोआ’ या तिथल्या सरकारी संस्थेला आढळलं, की नुसता प्रश्नांचा क्रम बदलला तरी मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी खाली येतो. (सर्व्हेचं लेक्चर बंक करणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

आपल्याकडे बोटवाल्यांना पावसाळ्यात बंदी आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबीही ठरवली. कोळी बांधवांचं पोट ज्या पाण्यावर आहे, त्याच पाण्यातून आपण हौसेने काढायचं आणि हिशेब मात्र द्यायचा नाही, हे मला पटत नाही. परवाना, फी म्हटलं की पोरं बिचकतील. मोफत नोंदणी आणि फोनवर भरता येईल असा साधा फॉर्म, एवढं तरी मत्स्यव्यवसाय विभागाने करावं.

तोवर तुम्ही वही घाला. जागा, किती तास बसलात, किती गळ होते, कुठला मासा, किती लांब, ठेवला की सोडला. आणि रिकाम्या हाताने परत आलात तो दिवस तर नक्की लिहा. किती तासांत किती मासे लागले, यावरूनच पाण्यातला मासा घटतोय का याचा अंदाज येतो. फक्त मासा लागलेले दिवस लिहिले, तर संपत आलेली खाडीही कागदावर भरलेली दिसेल.