चिकटवहीचा श्रीगणेशा

परवा नातीसाठी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. तिला शाळेच्या प्रकल्पाला 'जुनं वाशी' हवं होतं. डब्यात वाशी-मानखुर्द प्रवासाचं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं. मे १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीत आली. त्याआधी आम्ही नोकरदार खाडीपुलावरून बसमध्ये लोंबकळत मुंबई गाठायचो.

तिकीट धड होतं. त्याखालचं थोरल्या भावाचं पत्र मात्र मीच बिघडवलं होतं. घडीवर फाटलं म्हणून १९८८ साली मी त्याला सेलोटेप लावली. आता टेप गळून पडली आहे, तिचा तपकिरी पट्टा तेवढा राहिला आहे आणि त्याखालच्या दोन ओळी लागत नाहीत. भाऊ आता नाही. त्या ओळींत त्याने काय लिहिलं होतं, कुणाला विचारू?

नात म्हणाली, "आजोबा, आपण स्क्रॅपबुक करू या." आणि लगेच दुकानातला तयार संच दाखवला. नक्षीची कात्री, चमकी, रंगीत टिकल्या, फुलाफुलांची टेप! मी सरळ नाही म्हटलं. चिकटवही ही काही लग्नाची रुखवत नव्हे. सजावटीला माझा विरोध नाही, पण हौस आधी आणि आठवण मागून, हे मला पटत नाही.

हा छंद तसा जुना. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७३ साली, पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करा, कात्रण लावा, झालं! आपल्याकडे तेच काम कपभर खळ करत असे. मैदा शिजवून केलेल्या या खळीत बाइंडर कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचा. ते विष आहे, घरात मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नये. आणि नुसती खळ म्हणजे पावसाळ्यात कसरीला जेवणाचं आमंत्रण.

मग घ्यावं काय? जाड, आम्लरहित कागदाची वही, धारदार साधी कात्री, पोलादी पट्टी, मऊ शिशाची पेन्सिल आणि फोटोचे कागदी कोपरे. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तेच. कोपऱ्यात फोटो अडकवला की त्याला गोंदाचा थेंबही लागत नाही, हवा तेव्हा काढता येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम आले होते. घरात तसला असेल तर आजच उघडून बघा. काही फोटो सुटतील, काही सोलून निघतील. जो सुटत नाही त्याला ओढू नका, आहे तिथेच त्याचा नवा फोटो काढून ठेवा.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो पिवळा पडणारच. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वहीत लावावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावं. एटीएमच्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पावत्या यांचं तर विचारूच नका. त्या उष्णतेवर उमटलेल्या असतात, पुढेमागे कोऱ्या होतात.

स्टेपलरची टाचणी मात्र खाडीकाठच्या या दमट हवेत नकोच, ती गंजते. बँकेत आम्ही रोजची व्हाउचर्स दाभणाने, दोऱ्याने शिवत असू. नोटांच्या पुडक्यांना मात्र खुशाल टाचण्या मारायचो. २००१ साली रिझर्व्ह बँकेने त्या बंद करून कागदी पट्ट्या लावायला सांगितल्या, तेव्हा आम्ही कुरकुर केली होती. नोटेला जी दया दाखवली, ती घरच्या फोटोला दाखवायला काय हरकत आहे?

या साऱ्यांत मी पेन्सिलीला पहिला मान देतो. फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने नावं आणि साल. पाठ गुळगुळीत असेल तर शेजारच्या कागदावर. बॉलपेन नको, त्याचा वळ समोर उमटतो.

डब्यात तळाशी आईचा एक फोटो आहे. विहिरीजवळ उभी, शेजारी नऊवारीतली एक बाई, दोघी कशाला तरी खळखळून हसताहेत. आईला तशी हसताना मी कधी पाहिली नाही. पाठ कोरी आहे. ती बाई कोण हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली आहे, माझी धाकटी आत्या. ती डोंबिवलीला असते, आणि आता तिला सकाळचंच नीट आठवतं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने नातीला घेऊन निघतो आहे. पेन्सिल आजच टोकरून ठेवली.